काशीचा भोसले घाट आणि दगडाची निवड

स्वयंपाकघराचा ओटा नव्याने घालताना ‘कडाप्पा की ग्रॅनाइट’ हा वाद तुम्ही घरी ऐकला असेल. कडाप्पा हा चुनखडीचा दगड. त्यावर लिंबू किंवा चिंच सांडली की डाग उठतो. ग्रॅनाइटला हे भय नाही, पण तो महाग. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांनी काशीत मणिकर्णिकेच्या उत्तरेला घाट बांधला, तेव्हा प्रश्न याच जातीचा होता. फक्त इथे ओट्याच्या जागी गंगेचा काठ होता आणि पावसाळ्यात पाणी दहा मीटरहून अधिक चढत होते.

मराठी मुलखातले घाट आठवा. नाना फडणिसांचा मेणवलीचा घाट, नाशिकचे घाट, सगळे काळ्या बसाल्टचे. तो दगड कठीण आणि टिकाऊ. मग तो काशीला का नेला नाही? भूगोलाचा नकाशा उघडा, उत्तर तिथे आहे. दख्खनचा दगड शेकडो कोस बैलगाडीने नेणे कोणत्याही खजिन्याला परवडणारे नव्हते. उलट काशीपासून सुमारे 40 किलोमीटरवर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला चुनार आहे. तिथला विंध्य पर्वतातला वालुकाश्म नावेत भरावा आणि प्रवाहाबरोबर खाली आणावा. सारनाथचा अशोकस्तंभही चुनारच्याच दगडाचा, म्हणजे या खाणींची ख्याती दोन हजार वर्षांहून जुनी. काशीचे बहुतेक घाट याच दगडाचे आहेत, भोसले घाटही.

वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण थराथरांनी घट्ट होऊन झालेला दगड. तो छिन्नीला सहज वश होतो. घाटावरच्या लक्ष्मीनारायणाच्या मंदिरासारखे कोरीव काम करायला सोयीचा. मात्र तो पाणी शोषतो. पाण्यातले क्षार आत सुकून स्फटिक होतात आणि पापुद्रे सुटतात. म्हणून जाणता गवंडी दगड खाणीत जसा आडवा होता तसाच बसवतो. थर उभे ठेवले, तर ते एकेक करून गळतात. पायरीला हे साधणे सोपे, कमानीला अवघड.

आता शेजारच्या शिंदे घाटाकडे वळा. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी 1830 च्या सुमारास बांधलेला हा घाट स्वतःच्याच भाराने खचला. पायथ्याचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आजही कललेले आहे आणि पावसाळ्यात बरेचसे पाण्यात असते. दगड तोच, नदी तीच, पैशाचीही उणीव नव्हती. खाली नदीचा गाळ होता. परीक्षेत घाटांचे आश्रयदाते विचारले जातात, पायाबद्दल क्वचितच. तुम्ही कधी काशीला गेलात, तर भोसले घाटाची सर्वांत खालची पायरी उन्हाळ्यात, पाणी ओसरल्यावर पाहा, आणि तिचे थर आडवे आहेत की उभे ते तपासा.