डेटनचा खटला नेमका कोणी जिंकला?

मागच्या व्याख्यानानंतर आलेल्या चिठ्ठ्यांपैकी बऱ्याच एकाच प्रश्नाच्या होत्या : उत्क्रांती मानली की देव उरतो का? आणि उरत नसेल, तर शाळेत मुलांना ती शिकवावी का? उत्तरासाठी मी तुम्हाला जरा लांब नेतो. अमेरिकेत, टेनेसी राज्यातलं डेटन हे लहानसं गाव. जुलै १९२५.

त्याच वर्षी मार्चमध्ये तिथे बटलर कायदा झाला होता. बायबलमधली निर्मितीकथा नाकारून, माणूस खालच्या दर्जाच्या प्राण्यांपासून आला असं सरकारी शाळांत शिकवायचं नाही. बंदी माणसापुरतीच बरं का. घोडा कसा घडला ते खुशाल शिकवा! आणि गंमत म्हणजे राज्यानेच लावलेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात उत्क्रांती होती. या कायद्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खर्च करायला एक नागरी हक्क संघटना तयार होती. डेटनच्या काही उद्योगी मंडळींनी औषधांच्या दुकानात बसून ठरवलं की खटला आपल्याकडेच होऊ दे, गावाचं नाव होईल. चोवीस वर्षांचा जॉन स्कोप्स, खरं तर फुटबॉलचा प्रशिक्षक, आरोपी व्हायला राजी झाला.

फिर्यादीच्या बाजूला विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे राहिले. त्यांच्याविषयी आपण बहुधा थट्टाच ऐकलेली असते. पण तीन वेळा अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला, गरीब शेतकऱ्यांचा हा कैवारी. हिंदुस्थान पाहून गेल्यावर १९०६ मध्ये ब्रिटिश राजवटीवर कडक टीका लिहिणारा माणूसही हाच. ब्रायनना धास्ती होती ती 'बळी तो कान पिळी' हाच समाजाचा नियम होऊन बसण्याची. ती अगदीच पोकळ नव्हती. त्या पाठ्यपुस्तकात सुप्रजननाचा पुरस्कार होता, काही कुटुंबांना चक्क समाजावरचे परजीवी म्हटलेलं होतं. मला विचाराल तर ब्रायन आणि ते पुस्तक एकाच ठिकाणी घसरले. निसर्गात काय घडतं यावरून माणसाने कसं वागावं ते ठरत नाही. 'आहे'मधून 'असावं' आपोआप निघत नाही, हे ह्यूमने अठराव्या शतकातच दाखवून दिलं होतं.

आता देवाचं. २० जुलैला, न्यायालयाबाहेरच्या हिरवळीवर, बचावाचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी खुद्द ब्रायनचीच उलटतपासणी घेतली. सृष्टी सहा दिवसांत झाली, म्हणजे चोवीस-चोवीस तासांचे दिवस का? ब्रायन म्हणाले, तसंच असायला हवं असं नाही, दिवस म्हणजे दीर्घ कालखंडही असू शकेल. म्हणजे निर्मितीवाद्यांचा हा सेनापतीसुद्धा ग्रंथाचा अर्थ लावतच होता, आणि अर्थ लावूनही त्याची श्रद्धा शाबूत होती! उत्क्रांतीचा सिद्धांत जीवजाती कशा बदलत गेल्या ते सांगतो. देव आहे की नाही हा त्याचा विषयच नाही. त्याच्याशी भांडण होतं ते ग्रंथातला शब्द जसाच्या तसा इतिहास म्हणून वाचणाऱ्याचं.

पुढे काय झालं? ज्यूरीने नऊ मिनिटांत दोषी ठरवलं, दंड शंभर डॉलर. वरच्या न्यायालयात जायचं म्हणून डॅरोंनीच दोषी ठरवा अशी विनंती केली होती. पण १९२७ मध्ये तिथे दंड न्यायाधीशाने लावला, ज्यूरीने नाही, एवढ्या तांत्रिक मुद्द्यावर निकाल रद्द झाला. स्कोप्स सुटला आणि कायदा राहिला, तो थेट १९६७ पर्यंत.

नाटक-सिनेमामुळे लोकांना वाटतं की डेटनमध्ये विज्ञान जिंकलं. पण १९२६ मध्ये त्याच पाठ्यपुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली, तिच्यातून 'उत्क्रांती' हा शब्दच गेला होता. इतर प्रकाशकांनीही हात आखडता घेतला. पुस्तक खपायला तर हवं! १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उडाला, अमेरिका खडबडून जागी झाली, तेव्हा कुठे साठच्या दशकात नव्या पुस्तकांत उत्क्रांती ठळकपणे परतली.

आपल्याकडे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग निघाला, तो खटल्याशिवायच. कारण दिलं गेलं अभ्यासाचा भार कमी करण्याचं, आणि बारावीच्या जीवशास्त्रात तो आहेच, असंही सांगितलं गेलं. खरं आहे, आहे तिथे. पण दहावीनंतर वाणिज्य शाखेला गेलेली मुलगी बारावीचं जीवशास्त्र कशाला उघडेल?