बोमॅरिसच्या जुन्या सराईला १३ फुटी दरवाजा कशासाठी?

वेल्सच्या वायव्येला अँगलसी नावाचं बेट आहे आणि त्याच्या काठावर बोमॅरिस हे छोटंसं गाव. इथे येणारे पर्यटक सरळ किल्ला गाठतात. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तो १२९५ मध्ये बांधायला घेतला आणि तो कधीच पूर्ण झाला नाही. पण किल्ल्यापासून चार पावलांवर, कासल स्ट्रीटवर, 'बुल्स हेड' नावाची जुनी सराई आहे. मला विचाराल तर गावाची खरी गोष्ट तिच्या दरवाजात सापडते.

सराईची सुरुवात १४७२ ची सांगितली जाते, तर १६१७ मध्ये ती नव्याने बांधली गेली. आत बारमध्ये बुटकं छत, लाकडी तुळया, भिंतींवर जुनी शस्त्रं आणि सतराव्या शतकातलं पितळी जलघड्याळ. उंच माणसाने डोकं सांभाळूनच वावरावं असा मामला!

मग अंगणाच्या वाटेवरचा दरवाजा एवढा अवाढव्य का? उंची १३ फूट, रुंदी ११ फूट. त्यातही गंमत म्हणजे तो दोन फळ्यांचा नाही. अख्खी एकच फळी, एकाच बाजूच्या बिजागऱ्यांवर झुलणारी. अशा प्रकारचा हा ब्रिटनमधला सगळ्यात मोठा दरवाजा असल्याचा दावा केला जातो.

कारण सोपं आहे. आतल्या खोल्या माणसांच्या मापाने बांधल्या, दरवाजा घोडागाडीच्या मापाने. टपावर सामान आणि कधी कधी प्रवासीही घेऊन आलेली गाडी रस्त्यात उभी न राहता थेट मागच्या अंगणात शिरायची. तिथे थकलेले घोडे सोडायचे, ताजे जुंपायचे. सराईचा धंदा जेवण आणि बिछान्याइतकाच घोड्यांवर चालायचा.

पण या कोपऱ्यात एवढे प्रवासी यायचे कुठून? आयर्लंडच्या वाटेमुळे. डब्लिनला जाणारी जहाजं अँगलसीच्या दुसऱ्या टोकाला, होलीहेडहून सुटायची. बेटावर पोहोचण्याची एक जुनी वाट म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या लावन सँड्सच्या वाळूतून चालायचं आणि शेवटचं पाणी होडीने ओलांडून बोमॅरिसला उतरायचं. धुकं पडलं की दिशा कळावी म्हणून पलीकडच्या आबर गावातल्या चर्चची घंटा वाजवत. भरतीने गाठलं तर जीवच जायचा. सगळं वेळापत्रक समुद्राच्या हातात. त्यामुळे मुक्काम करणं भागच होतं आणि सराया चालत होत्या.

३० जानेवारी १८२६ ला थॉमस टेलफर्डचा मेनाई झुलता पूल खुला झाला. तो बोमॅरिसपासून सुमारे ७ किलोमीटरवर आहे. होलीहेडचा रस्ता पुलावरून थेट पश्चिमेला वळला आणि बोमॅरिस बाजूला पडलं. ना भरती-ओहोटीची वाट बघायची गरज उरली, ना होडीची.

सराई मात्र टिकली. चार्ल्स डिकन्स इथे राहून गेला असं सांगतात, आणि खोल्यांना त्याच्या पात्रांची नावंही दिली गेली. जायचा योग आला तर आधी अंगणाच्या तोंडाशी उभे राहून तो दरवाजा बघा, मग बारमध्ये शिरा. शिरताना तेवढं वाका.