इशारा आणि धोका यांमधले चार फूट : प्रस्तावना

कोल्हापूरकरांना पावसाळ्यात दोन आकडे पाठ असतात : ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले की नदीने इशारा पातळी गाठली आणि ४३ फुटांवर गेले की धोका पातळी. या दोन आकड्यांमध्ये चार फूट पाणी आहे असे वरवर दिसते. खरे तर तिथे वेळ आहे. गोठ्यातली जनावरे सोडवायला, धान्याची पोती माळ्यावर चढवायला, थकल्या माणसांना उंचावरच्या नातेवाइकांकडे पोचवायला लागणारा वेळ. धोका ४३ वर असेल, तर माणसांना ३९ वरच कळले पाहिजे. या पुस्तकाचा गाभा एवढाच आहे.

सतत वाहत येणाऱ्या डेटावर यंत्राने नजर ठेवायची आणि ठरलेली अट पूर्ण होताच माणसाला हाक मारायची, ही व्यवस्था आज नदीकाठापासून अतिदक्षता विभागापर्यंत आणि वीज उपकेंद्रापासून बँकेच्या व्यवहारांपर्यंत सगळीकडे आहे. ती उभारणाऱ्यांसाठी आणि तिच्या हाकेला ओ देणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. गणिताची मोठी तयारी लागणार नाही; सरासरी आणि प्रमाण विचलन समजत असेल तर पुरे.

या विद्येची मुळे संगणकाच्या आधीची आहेत. विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ साली खडकवासला धरणावर बसले. पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडत. अट दरवाज्याच्या रचनेतच होती. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी कारखान्यातल्या उत्पादनासाठी नियंत्रण आलेख मांडला. त्यांचा प्रश्न मूलभूत होता : आकडे तर रोजच वरखाली होतात, मग नेहमीचा चढउतार कोणता आणि खरा बदल कोणता? सरासरीपासून दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनांवर त्यांनी मर्यादा आखल्या. नोंदी परस्परांपासून स्वतंत्र असतील आणि घंटाकृती वितरणाने पसरल्या असतील, तर काहीही बिघडलेले नसताना सरासरी ३७० नोंदींमागे एक नोंद या मर्यादांबाहेर पडते. हा आकडा निरुपद्रवी वाटतो. पण दर पंधरा मिनिटांनी नोंद देणारे शंभर सेन्सर असतील, तर दिवसाला ९,६०० नोंदी होतात आणि खोटे इशारे सुमारे सव्वीस! उलट बाजूची अडचण ई. एस. पेज यांनी १९५४ साली सोडवली. एकेक नोंद मर्यादेच्या आतच राहते, पण सगळ्या नोंदी थोड्याथोड्या एकाच दिशेला झुकत जातात. अशा वेळी त्या झुकावांची बेरीज करत राहायचे आणि बेरजेने उंबरठा ओलांडला की कळवायचे.

आता पुन्हा नदीवर येऊ. ‘पातळी ३९ फुटांवर गेली की कळवा’ ही अट एका ओळीत लिहून होते. मग पाणी ३९ च्या आसपास हेलकावत राहते, नोंद कधी ३८.९ तर कधी ३९.१ येते, आणि फोन तासाभरात दहा वेळा वाजतो. म्हणून इशारा ३९ वर सुरू करावा, पण पाणी ३८.५ च्या खाली उतरेपर्यंत मागे घेऊ नये. एखादी नोंद पाण्यातल्या ओंडक्यामुळेही चुकू शकते; म्हणून सलग तीन नोंदी पाहाव्यात. मुसळधार पावसात मोबाइलचे जाळे अडखळते आणि दोन वाजता मोजलेला आकडा पावणेतीनला येऊन पोचतो. म्हणून मोजल्याची वेळ आणि मिळाल्याची वेळ वेगळी नोंदवावी. सर्वांत फसवी असते ती शांतता. सेन्सर वाहून गेला तरी पडद्यावर शेवटचा आकडा ३८.२ तसाच दिसत राहतो आणि पाहणाऱ्याला वाटते, नदी थांबली. म्हणून न आलेल्या नोंदीसाठीही अट लिहिलीच पाहिजे.

इतके करूनही एक चूक उरते : जास्त इशारे म्हणजे जास्त सुरक्षितता, हा समज. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ इशारे येऊन आदळले होते. यंत्रे बोलत होती, पण त्या कोलाहलात नेमके काय करायचे हे उमजणे अशक्य होते. प्रत्येक इशारा कुणाचे तरी लक्ष, कुणाची तरी झोप मागून घेतो. ते मागण्याचा अधिकार अट लिहिणाऱ्याने कमवावा लागतो.

म्हणून या पुस्तकात प्रत्येक अट शेवटाकडून लिहायला शिकवली आहे. हाक ऐकून कोण उठणार? तो काय करणार? त्याला किती वेळ लागणार? या तिन्हींची उत्तरे हाती आल्यावरच आकडा ठरवायचा. उत्तर नसेल, तर ती नोंद तक्त्यात राहू द्यावी. तिच्यासाठी कुणाला जागे करू नये.

वाचकाने आपला एखादा वाहता डेटा सोबत घेऊन पहिल्या प्रकरणात यावे. नदीची पातळी, गोदामाचे तापमान, सोसायटीच्या टाकीतले पाणी, काहीही चालेल. त्यात धोक्याचा आकडा बहुधा आधीच ठरलेला असेल. त्याच्या अलीकडचे ‘चार फूट’ किती असावेत, हे आपण मिळून शोधू.