बार्न्स फाउंडेशन

बार्न्स फाउंडेशन ही अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहरात असलेली कलाशिक्षण संस्था व कलासंग्रहालय आहे. डॉ. आल्बर्ट बार्न्स यांनी १९२२ मध्ये तिची स्थापना केली. रेन्वा, सेझान, मातीस आणि पिकासो यांच्या चित्रांच्या संग्रहासाठी ती प्रसिद्ध आहे. दात्याने घातलेल्या अटी, घटत गेलेला कायमनिधी आणि विश्वस्तांचे उत्तरदायित्व यांवरून या संस्थेत अनेक दशके न्यायालयीन वाद चालले. त्यांमुळे धर्मादाय न्यासांच्या अभ्यासात तिचे उदाहरण वारंवार दिले जाते.

स्थापना आणि न्यासपत्र

बार्न्स (१८७२–१९५१) यांनी 'अर्जिरॉल' या जंतुनाशक औषधाच्या व्यवसायातून संपत्ती मिळवली व १९१२ पासून आधुनिक चित्रे जमवण्यास सुरुवात केली. फिलाडेल्फियाजवळील मेरियन येथे पॉल क्रे या वास्तुविशारदाने बांधलेली संस्थेची इमारत १९२५ मध्ये खुली झाली. तत्त्वज्ञ जॉन ड्युई हे संस्थेच्या शिक्षणकार्याशी निगडित होते.

संस्था ही संग्रहालय नसून शिक्षणसंस्था आहे, अशी बार्न्स यांची भूमिका होती. त्यांच्या मृत्यूनंतर चित्रे आहेत त्याच जागी राहावीत आणि ती विकू वा उसनी देऊ नयेत, असे न्यासपत्रात नमूद होते. निधीची गुंतवणूक कशात करावी यावरही निर्बंध होते. पुढे त्यांनी पाचांपैकी चार विश्वस्त सुचवण्याचा अधिकार लिंकन विद्यापीठ या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक शिक्षणसंस्थेस दिला.

आर्थिक अडचणी

बार्न्स यांच्या मृत्यूच्या वेळी कायमनिधी सुमारे १ कोटी डॉलर होता. तो दीर्घकाळ प्रामुख्याने कमी परताव्याच्या रोख्यांत गुंतवला गेल्याने महागाईच्या तुलनेत त्याचे मूल्य घटत गेले. करसवलत मिळवणारी संस्था लोकांसाठी बंद राहू शकत नाही, या मुद्द्यावर राज्याच्या ॲटर्नी जनरलने दावा दाखल केला व १९६१ पासून संग्रह मर्यादित प्रमाणात जनतेस खुला झाला. निवासी वस्तीतील जागेमुळे पुढील काळातही प्रेक्षकसंख्येवर आठवड्याला १,२०० ची मर्यादा होती. त्यामुळे प्रवेशशुल्काचे उत्पन्नही वाढू शकले नाही.

१९९१ मध्ये काही चित्रे विकण्याची परवानगी मागण्याचा प्रस्ताव पुढे आला, परंतु टीकेनंतर तो मागे घेण्यात आला. त्याऐवजी न्यायालयाच्या अनुमतीने १९९३ ते १९९५ या काळात निवडक चित्रांचे वॉशिंग्टन, पॅरिस, टोकियो आदी शहरांत प्रदर्शन भरवून इमारतीच्या नूतनीकरणासाठी निधी उभारण्यात आला. शेजारी व स्थानिक प्रशासनाशी झालेल्या खटल्यांवर मात्र मोठा खर्च झाला. अब्जावधी डॉलर किमतीची चित्रे असूनही दैनंदिन खर्चासाठी पैसा नाही, अशी संस्थेची अवस्था झाली.

स्थलांतराचा खटला

२००२ मध्ये विश्वस्तांनी संग्रह फिलाडेल्फिया शहरात हलवण्याची आणि विश्वस्तांची संख्या ५ वरून १५ करण्याची परवानगी मागितली. प्यू, ॲननबर्ग व लेनफेस्ट या तीन धर्मादाय संस्थांनी १५ कोटी डॉलर उभारण्यास साहाय्य करण्याचे आश्वासन दिले होते. त्यांपैकी १० कोटी नव्या इमारतीसाठी, तर ५ कोटी कायमनिधीसाठी होते. हे साहाय्य स्थलांतराशी आणि कारभारातील बदलांशी निगडित होते.

खटला माँटगोमेरी काउंटीच्या ऑर्फन्स कोर्टात चालला. नावात अनाथांचा उल्लेख असला तरी हे न्यायालय मृत्युपत्रे व धर्मादाय न्यासांची प्रकरणे हाताळते. न्यायाधीश स्टॅन्ली ऑट यांनी जानेवारी २००४ मध्ये मंडळाच्या विस्तारास मान्यता दिली, परंतु स्थलांतरासाठी अधिक आर्थिक पुरावे मागितले. जनतेच्या वतीने न्यासावर देखरेख ठेवणाऱ्या ॲटर्नी जनरलने विश्वस्तांच्या मागणीची पुरेशी तपासणी केली नाही, याबद्दल त्यांनी नाराजी व्यक्त केली. बार्न्स यांचे केर-फील येथील शेतघर आणि दालनांत न लावलेल्या कलावस्तू विकून प्रश्न सुटेल का, हेही तपासण्यात आले. तो उपाय अपुरा ठरल्याने १३ डिसेंबर २००४ रोजी स्थलांतरास परवानगी मिळाली. चित्रांची मांडणी मात्र जुन्या दालनांप्रमाणेच ठेवण्याचे ठरले.

टीका आणि समर्थन

समर्थकांच्या मते जागेची अट पाळण्याच्या आग्रहाने संस्थाच बंद पडली असती आणि दात्याचा शिक्षणविषयक मूळ हेतूही विफल झाला असता. विरोधकांच्या मते नव्या देणगीदारांच्या पैशापुढे मूळ दात्याचा शब्द दुय्यम ठरला आणि मेरियनमध्येच राहण्याच्या पर्यायांचा पुरेसा विचार झाला नाही. याचिकेपूर्वीच राज्याच्या अंदाजपत्रकात या प्रकल्पासाठी सुमारे १० कोटी डॉलरची तरतूद झाल्याचे नंतर उघड झाले, तेव्हा पारदर्शकतेवर प्रश्न उपस्थित झाले. विरोधकांनी फेरविचाराची मागणी केली. तथापि, धर्मादाय न्यासाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार सामान्य नागरिकास क्वचितच मिळतो. याच कारणास्तव ती २००८ मध्ये फेटाळण्यात आली. 'द आर्ट ऑफ द स्टील' (२००९) हा माहितीपट विरोधकांची बाजू मांडतो.

सद्यस्थिती

टॉड विल्यम्स व बिली त्सिएन यांनी रचलेली नवी इमारत मे २०१२ मध्ये खुली झाली. जुन्या दालनांची मापे व चित्रांचा क्रम तेथे जसाच्या तसा राखला आहे. न्यासपत्रातील अटी त्यानंतरही न्यायालयाच्या परवानगीनेच शिथिल होत आल्या आहेत. २०२३ मध्ये मर्यादित संख्येने चित्रे इतर संस्थांना तात्पुरती देण्यास न्यायालयाने मुभा दिली.