कोलू पाटलाचा बांध

मंडळी, नवेगावबांधला गेलात तर पाण्याआधी भोवतालच्या टेकड्या पाहा. लोक त्यांना सातबहिणी म्हणतात. १८व्या शतकात कोलू पाटील कोहळी याने येथे तलाव बांधला, तेव्हा या सात देवींनी त्याला हात दिला अशी समजूत आहे. पुढे कोलूच कोलासुर देव झाला. त्याचे ठाणे एका टेकडीवर आहे.

आम्ही शिकलीसवरलेली माणसे यावर हसतो. पण जमिनीचा उतार बघा की! पाणी अडवण्याचे बरेचसे काम टेकड्यांनीच केले आहे. माणसाने मधल्या वाटा तेवढ्या बुजवल्या. मग बहिणींनी हात दिला, हे खोटे कसे म्हणावे? कुठे बांधावे याची अक्कल त्या कहाणीत जपून ठेवली आहे.

धान आणि उसासाठी कोहळ्यांनी या मुलखात असे कितीतरी तलाव बांधले. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. गाळ साचत गेला, आणि कहाण्या सांगणारेही कमी झाले.

गुरुजी, मुलांना आपल्या गावच्या तलावावर उन्हाळ्यात न्या. पाणी उतरलेले असते, पाळ नीट दिसते. बरोबर एखादी म्हातारी आजी मात्र हवी.