आतड्याच्या पट्टीतील वीज

मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी शरीरविज्ञानाच्या इतिहासातील विषय निवडावा, याचे श्रोत्यांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे गुरुजी विज्ञान शिकवीत, हे एक कारण. दुसरे कारण अधिक घरगुती आहे. या सभागृहातील माझ्या वयाच्या मंडळींपैकी अनेकजण रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतात. त्यांतील अ‍ॅम्लोडिपिन ही गोळी रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधील स्नायुपेशींची कॅल्शियमची दारे काही अंशी बंद ठेवते. वाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. अशी दारे असली पाहिजेत हे माणसाला कसे उमगले, त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण एडिथ ब्युलब्रिंग या विदुषीचे आहे. गोळी त्यांनी शोधली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चरित्रनायकाला जादा श्रेय बहाल करण्याची आम्हां व्याख्यात्यांची खोड जुनी आहे.

ब्युलब्रिंग यांचा जन्म 1903 साली जर्मनीतील बॉन येथे झाला. वडील तेथील विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक, तर आई हॉलंडमधील ज्यू घराण्यातील. वैद्यकाचे शिक्षण पुरे करून एडिथ यांनी बर्लिनला पाउल ट्रेन्डेलेनबुर्ग यांच्या हाताखाली औषधिक्रियाविज्ञानाचे धडे घेतले. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले, तेव्हा त्या बर्लिनच्याच एका रुग्णालयात सांसर्गिक रोगांच्या विभागात काम करीत होत्या. आईचे कूळ कोणते, एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्यांची नोकरी गेली. त्या इंग्लंडला आल्या. सर हेन्री डेल यांच्या मध्यस्थीने जे. एच. बर्न यांनी त्यांना लंडनमधील आपल्या प्रयोगशाळेत सामावून घेतले. तेथील काम औषधांची शक्ती मोजून प्रमाणित करण्याचे, म्हणजे बरेचसे रुक्ष. पुढे बर्न ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले आणि ब्युलब्रिंगही त्यांच्यासोबत तेथे गेल्या. उरलेले सारे आयुष्य त्यांनी त्याच गावी काढले.

1946 साली त्यांनी उंदराचा श्वासपटल आणि त्याला जाणारी नस शरीराबाहेर जिवंत ठेवून प्रयोग करण्याची पद्धत सविस्तर मांडली. ती जगभरच्या प्रयोगशाळांत रुळली. एवढ्यावर दुसऱ्या कोणी समाधान मानले असते. श्वासपटलाचा स्नायू आज्ञाधारक असतो; नसेला विजेचा झटका दिला की आकुंचन पावतो, न दिला तर स्वस्थ राहतो. ब्युलब्रिंग वळल्या त्या मात्र अत्यंत हट्टी स्नायूकडे.

हाच तो अरेखित स्नायू. आतडी, रक्तवाहिन्या, मूत्राशय, गर्भाशय यांच्या भिंती त्याच्या बनलेल्या असतात. हातापायांच्या स्नायूंत सूक्ष्मदर्शकाखाली आडव्या रेघा दिसतात, याच्यात दिसत नाहीत, म्हणून ‘अरेखित’. जे नाही त्यावरून नाव पडलेला हा स्नायू अभ्यासकांच्याही फारसा मर्जीतला नव्हता. कोणी न सांगता तो आपणहून आकुंचन पावतो, औषधाला आज एक उत्तर देतो तर उद्या दुसरेच. हे असे का, हा प्रश्न ब्युलब्रिंग यांनी सोडला नाही.

त्यांनी गिनीपिगच्या मोठ्या आतड्यावरून लांबट जाणारी स्नायूची बारीक पट्टी निवडली. तिच्यातील एकेक पेशी अवघी काही मायक्रोमीटर जाडीची. अशा पेशीत काचेचे सूक्ष्म विद्युताग्र खुपसायचे, आणि तेही पट्टी आपल्या मर्जीने हलत असताना! 1954 आणि 1955 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत या पेशींच्या आतील विजेच्या नोंदी आहेत. पट्टी ताणली की पेशीच्या आतबाहेरील विद्युतदाबाचा फरक कमी होतो, विजेचे ठोके जलद पडू लागतात आणि त्याबरोबर आकुंचनाचा जोर वाढतो. ज्याला लहरीपणा म्हटले जात होते, त्यामागे वीज होती आणि तिला नियम होता.

मग ही वीज कोणत्या आयनाची? 1952 साली हॉजकिन आणि हक्सली यांनी समुद्रातील स्क्विडच्या नसेवर प्रयोग करून दाखविले होते की, सोडियमचे आयन आत घुसतात म्हणून वीज उसळते. आतड्याच्या पट्टीतही तेच घडत असेल असे कोणीही धरून चालले असते. ऑक्सफर्डमध्ये मोली होल्मन यांनी, आणि नंतर ब्युलब्रिंग व जपानहून आलेले हिरोशी कुरियामा यांनी, पट्टीभोवतीच्या द्रवातील सोडियम व कॅल्शियम कमीअधिक करून पाहिले. सोडियम खूप घटविले तरी ठोके उमटतच राहिले. त्यांचे खरे नाते कॅल्शियमशी निघाले. नसेतील सोडियमची वाट अडविणारे फुगूमाशाचे विष येथे निष्प्रभ ठरले, मँगनीज मात्र परिणाम करून गेले. मला या प्रयोगांचे मोल फार वाटते. दार कोणी पाहिलेले नाही, पण कोण आत येतो, कोणाला अडविता येते, यावरून दाराची जात ओळखली गेली. शिवाय येथे कॅल्शियम दुहेरी कामाचा. तोच वीज उसळवितो आणि आत आल्यावर तोच आकुंचनालाही चालना देतो. रक्तदाबाची गोळी नेमकी याच जागी उपयोगी पडते.

1958 साली त्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या. प्राध्यापकपद मात्र 1967 उजाडल्यावर मिळाले, निवृत्तीला चार वर्षे उरली असताना. हा उशीर मला खटकतो. तोवर त्यांच्या हाताखालची माणसे चहूकडे गेली होती. होल्मन ऑस्ट्रेलियात परतल्या, कुरियामांनी जपानमधील फुकुओका येथे या विषयाची मोठी परंपरा उभी केली. अरेखित स्नायूवरचा सर्वांगीण ग्रंथ ब्युलब्रिंग यांनी सहकाऱ्यांसह 1970 मध्ये संपादित केला आणि 1981 मध्ये, वयाच्या 77व्या वर्षी, त्याच विषयाचा नव्याने आढावा घेणारा दुसरा.

जर्मनीतील एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी 1976 साली एकाच आयनमार्गातून वाहणारा प्रवाह मोजण्याची युक्ती सांगितली. पुढील दशकात ती अरेखित स्नायूच्या सुट्या पेशींना लावण्यात आली आणि कॅल्शियमचे एकेक दार उघडता-मिटताना नोंदले जाऊ लागले. ब्युलब्रिंग तेव्हा हयात होत्या. 1990च्या जुलैत ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. नेहर आणि साकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते त्याच्या पुढल्या वर्षी.