शहाबादी फरशी : एका समुद्रतळाचा इतिहास

महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या फरशीला ‘शहाबादी’ हे विशेषण लाभले ते कर्नाटकातील कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) जिल्ह्यातील एका गावावरून. भूविज्ञानातही हा दगड ‘शहाबाद चुनखडक’ या नावानेच ओळखला जातो. नाव गावाचे असले, तरी दगडाचा इतिहास मानवी वस्तीहून कितीतरी जुना आहे.

कँब्रियन-पूर्व काळाच्या उत्तरार्धात भीमाकाठच्या या प्रदेशावर उथळ समुद्र पसरलेला होता. तेथे प्रथम वाळू व चिखल साचला. पुढे जमिनीकडून येणारा गाळ ओसरल्यावर संथ पाण्यात चुन्याचा अतिसूक्ष्म गाळ थरावर थर बसत गेला. या थरांचे नेमके वय अद्याप वादाचा विषय आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हारसाने त्यांचा उत्तरेकडील व पश्चिमेकडील भाग झाकून टाकला. रॉबर्ट ब्रूस फूट यांच्या दक्षिण मराठा मुलखाच्या भूविज्ञानावरील १८७६ च्या ग्रंथात भीमा श्रेणीच्या या खडकांचे वर्णन आढळते.

समुद्राच्या त्या संथपणामुळेच हा दगड सपाट पापुद्र्यांत सुटतो. महाराष्ट्राचा काळा पाषाण तसा सुटत नाही. या गुणाचा पहिला मोठा उपयोग जमिनीसाठी नव्हे, तर शिल्पासाठी व लेखनासाठी झाला, हे विशेष होय. सन्नतीजवळच्या कनगनहळ्ळी येथील बौद्ध स्तूपाचे शिल्पपट याच भागातील चुनखडकाचे आहेत. त्यांवर सम्राट अशोकाची आणि सातवाहन राजांची शिल्पे ब्राह्मी लिपीतील प्राकृत नावांसह कोरलेली आहेत. मराठीची पाळेमुळे ज्या प्राकृत परंपरेत शोधली जातात, तिचे लेख असे या समुद्रतळावर उमटले.

१८७१ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग रायचूरपर्यंत पोहोचला, आणि शहाबाद त्या मार्गावरचे स्थानक ठरले. या जड दगडाला दूरची बाजारपेठ मिळाली ती रेल्वेमुळे. पुढे येथे सिमेंटचा उद्योग आला. शहाबादची सिमेंट कंपनी १९३६ मध्ये ए.सी.सी.त विलीन झाली.

या दोन उपयोगांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. फरशी घडविताना थर थर म्हणूनच टिकतो. भट्टीत मात्र त्याची पूड होते, आणि थरांचा क्रम नष्ट होतो. ज्या खडकाचे वय अजून निश्चित व्हायचे आहे, त्याचा पुरावाच असा जळून जातो. म्हणूनच निवडक खाणींतील उभे छेद नोंदवून राखून ठेवणे, हे शिलालेख जपण्याइतकेच इतिहासाचे कर्तव्य ठरते.